काकाने की काकांनी

आमच्या वहिनी नेमकं काय करतात, असं कुणी विचारलं की "शेअर बाजाराच्या फौजदार आहेत" एवढं सांगून मी मोकळा होतो. वहिनींना ते पसंत नाही. फौजदाराला निदान शिट्टी तरी असते, आम्हाला नुसत्या फायली, असं त्या म्हणतात. पण सगळं सविस्तर सांगत बसलं तर ऐकणाऱ्याचा चहा निवतो, म्हणून मी फौजदारावरच भागवतो. आज मात्र सविस्तर सांगणार आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी आत्ताच उठावं.

वहिनी मुळात वकील. माझ्या थोरल्या भावाशी, म्हणजे दादाशी, लग्न झालं तेव्हा त्या एका बड्या वकिलांच्या हाताखाली होत्या आणि दिवसभर त्यांच्या वतीने पुढच्या तारखा मागायच्या. पुढे त्यांनी स्वतःची खोली घेतली. कंपन्यांचे, बँकांचे, भांडलेल्या भागीदारांचे खटले येऊ लागले. आवाज असा खणखणीत, की त्या उलटतपासणीला उभ्या राहिल्या की शेजारच्या कोर्टातले कारकून दारात येऊन थांबायचे. एका साक्षीदाराने तर पाचव्याच प्रश्नाला हात टेकले आणि "बाई, पाणी द्या आणि तुम्हाला हवं ते लिहून घ्या," असं सांगून टाकलं.

अठरा वर्षं ताणल्यावर तो घसा बसला, आणि बसला तो उठेचना. डॉक्टरांनी आत नळी घालून पाहिलं, स्वरयंत्रावर गाठी आहेत म्हणाले, आणि तीन महिने अवाक्षर बोलायचं नाही असा हुकूम दिला. दादा दातांचा डॉक्टर. समोरच्याला बोलता येत नाही आणि आपण एकट्यानेच बोलत राहायचं, याची त्याला सवय, त्यामुळे त्याला फारसा फरक पडला नाही. पंचाईत माझी झाली. वहिनींनी एक वही गळ्यात अडकवली आणि त्या लिहून बोलू लागल्या. बोलताना दहा वाक्यं वापरणारी बाई वहीत एकाच वाक्यात काम तमाम करायची. एका सकाळी माझ्यासमोर वही आली, "भावजी, तुमच्या घोरण्यावर अपील कुठे करायचं?"

तीन महिन्यांनी आवाज आला, पण घरगुती आला. चहा मागण्यापुरता ठीक, कोर्ट हलवण्याइतका नाही. वहिनी तेव्हा बेचाळीस वर्षांच्या होत्या. सकाळी खिडकीशी बसून रस्त्याकडे बघत राहायच्या आणि कुणी काही विचारलं तर अंगावर यायच्या. घरातल्या सगळ्यांनाच धास्ती वाटत होती, आता या बाईचं करायचं काय.

इथे मला थोडं श्रेय हवं आहे. मी चौतीस वर्षं एका वर्तमानपत्रात प्रूफं तपासली. त्या आठवड्यात माझ्या टेबलावर एक जाहिरात आली. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाला कायदा जाणणारे अधिकारी हवे होते, आणि जुळाऱ्याने, म्हणजे मजकूर लावणाऱ्याने, "वकिलीचा अनुवभ आवश्यक" असं जुळवलं होतं. तो अनुवभ दुरुस्त करता करता मला वहिनी आठवल्या. कात्रण घरी आणून मी त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "यात बोलावं लागत नाही?" मी म्हटलं, "वाचायचं आणि लिहायचं. माझ्यासारखंच."

तर अशा वहिनी सरकारी इमारतीच्या सहाव्या मजल्यावर जाऊन बसल्या. खोलीला एक खिडकी, तिच्यातून समोरच्या इमारतीची एसीची यंत्रं दिसायची. पहिलं वर्ष त्यांना बाजारातलं ओ की ठो कळत नव्हतं. मुलीच्या वयाच्या एका अधिकारी पोरीकडून त्या खरेदीविक्रीचे तक्ते वाचायला शिकल्या. भाव कसा फुगवतात, तेही त्या पोरीनेच शिकवलं. चारपाच जण संगनमत करून एकमेकांकडूनच शेअर घेत राहतात, भाव चढतो, चढता भाव बघून बाहेरची माणसं धावतात, आणि मग हे चारपाच जण आपला माल त्यांच्या गळ्यात मारून निघून जातात. वहिनींचं काम असं, की कागदांवरून हे ओळखायचं, त्या लोकांना नोटीस द्यायची, त्यांचं म्हणणं ऐकायचं आणि आदेश लिहायचा. आदेशाने माणूस बाजारातून बाहेर जाऊ शकतो. त्याच्यावर कुठल्याही दलालाच्या पेढीत काम करायला बंदी येते.

आदेश लिहिण्यात वहिनींचं नाव झालं. इतरांचे आदेश वाचताना झोप येते, यांचे लोक शेवटपर्यंत वाचायचे. जीभ गेली होती ती पेनात उतरली होती. एकेक वाक्य असं झणझणीत, की वर्तमानपत्रवाले चौकटीत छापायचे. वहिनींनाही ते आवडायचं. वर वर "काय हे, उगीच" म्हणायच्या आणि कात्रण पर्समध्ये ठेवायच्या. अकरा वर्षांत त्या मंडळाच्या सदस्यपदाच्या उंबरठ्यावर येऊन पोचल्या. म्हणजे अगदी वरचा मजला, अध्यक्षांच्या शेजारची खुर्ची.

मी पहिल्यापासून दादाकडेच राहतो, आणि निवृत्त झाल्यावर तर दिवसभर घरीच असतो. मी लग्न केलेलं नाही, त्यामुळे माझ्या चुका काढणारं कुणी नाही आणि दुसऱ्यांच्या काढण्याची खोड जात नाही. वहिनींचा आदेश जाहीर होऊन मंडळाच्या संकेतस्थळावर आला, की रविवारी सकाळी आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर तो वाचायला बसायचो. जाहीर होईपर्यंत वहिनी घरात त्याबद्दल ब्रसुद्धा काढत नसत. वाचायची पद्धत छापखान्यातली. एकाने मूळ कागद धरायचे, दुसऱ्याने मोठ्याने वाचायचं, स्वल्पविराम आणि अनुस्वारांसकट. शिळ्या प्रुफाचा उपयोग काय, असं दादा दर रविवारी विचारायचा. उपयोग काही नाही, आम्हाला आवडायचं.

मग ते काका प्रकरण आलं.

बाजारात एक सटोडिया होता, सगळे त्याला काका म्हणायचे. त्याने एका फुटकळ कंपनीचा भाव फुगवला होता. एका पेढीतले पाच डीलर, म्हणजे फोनवर खरेदीविक्री करून देणारे नोकर, त्याच्या सांगण्यावरून वागले असा ठपका होता. त्यांच्या फोनमधले मेसेज पुराव्यात होते. "काका म्हणाला, आज वर जाणार." "काकाला विचारून घे." "काकाने सांगितलंय, दुपारनंतर सोड." असे एकूण अकरा. त्यातला एक मेसेज या पाचांपैकी एका तिशीतल्या डीलर बाईचा होता. त्या दिवशी ती रजेवर होती आणि तिने पेढीतल्या एका सहकाऱ्याला लिहिलं होतं, "काकांनी सांगितलंय, आजच घेऊन टाक. उद्यापासून वाढणार आहे." सहकाऱ्याने पंधरा मिनिटांत त्या कंपनीचे शेअर घेतले होते.

पाचही जणांच्या वतीने पेढीच्या वकिलाने एकच उत्तर दिलं होतं. "काका नावाच्या कोणत्याही इसमास आम्ही ओळखत नाही." खाली पाच सह्या. सुनावणीला पाचांपैकी कुणी आलं नाही, वकीलच आला. वहिनींनी पाचांवर तीन तीन वर्षांची बंदी घातली, आणि त्या बाईबद्दल लिहिलं, "ज्या काकाला आपण ओळखतच नाही, त्याचा निरोप कुणी पोचवतं का?" हे वाक्य दोन वर्तमानपत्रांनी चौकटीत छापलं.

नेमकं त्याच सुमाराला माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि महिनाभर वाचन बंद झालं. पट्टी निघून नवा चष्मा आला तेव्हा आदेशाला बत्तीस दिवस झाले होते. रविवार होता, टेबलावर ऊन आलं होतं आणि मला अनुस्वार मोहरीएवढे ठसठशीत दिसत होते. मी खुशीत होतो. वहिनींनी मेसेजच्या प्रती धरल्या आणि मी वाचायला लागलो.

सतराव्या पानावर मी थांबलो. "वहिनी, तुमच्या टायपिंगवाल्याने घोळ घातलाय. दहा ठिकाणी काकाने, काकाला, काका म्हणाला. आणि या एकाच ठिकाणी काकांनी. एकसारखं करून घ्या." मी समासात लाल पेन्सिलीने "काकाने" लिहूनही टाकलं.

वहिनींनी हातातली प्रत पाहिली. "मुळातही काकांनीच आहे."

"मग मुळातच चूक आहे," मी म्हणालो. आता हे आठवलं की माझी मलाच लाज वाटते. चौतीस वर्षं मी लोकांची वाक्यं एकसारखी करत आलो. एखादा शब्द वेगळा का आहे, असं कुणाला विचारायची माझ्यावर कधी वेळच आली नव्हती.

वहिनींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "भावजी, हे सगळे त्या सटोडियाला एकेरीत का बोलवतात?"

"ते टोपणनाव आहे. नातं थोडंच आहे? त्याच्या पाठीमागे त्याला कोण अहोजाहो करणार?"

"आणि खरंच कुणाचे काका असले तर?"

आम्ही दादाला अरेतुरे करतो, पण वडिलांच्या धाकट्या भावाला आमच्या घरात कधी कुणी एकेरी हाक मारली नाही. वहिनींचा चेहरा पार उतरला होता.

"पण वहिनी, तिने लिहून दिलंय ना, काकाला ओळखत नाही म्हणून."

"तिने नाही लिहिलं. वकिलाने लिहिलं, तिने सही केली. अठरा वर्षं मीही लोकांच्या अशाच सह्या घेतल्यात, भावजी. वाचतंय कोण? वकील म्हणाला इथे करा, की करतात." मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, "यापुढचं आता मला विचारू नका."

मी विचारलं नाही. पण आदेशाच्या शेवटच्या पानावर छापलेलं होतं, की आदेश मान्य नसेल तर पंचेचाळीस दिवसांच्या आत अपील करावं. ते मला वाचता येत होतं आणि कॅलेंडर स्वयंपाकघरात टांगलेलं होतं. उरले तेरा दिवस.

पुढचं मला सगळं नंतर कळलं, कागद अपिलात उघड झाल्यावर. सोमवारी वहिनींनी त्या डीलर बाईचे सगळे मेसेज काढायला लावले. तपासणाऱ्यांनी "काका" हा शब्द घालून शोध घेतला होता, त्यामुळे तो शब्द असलेलेच मेसेज वहिनींच्या समोर आले होते. आता आजूबाजूचेही आले. दोन दिवस आधी त्या सहकाऱ्याने तिला विचारलं होतं, "बाथरूमचं काम काढलंय. फरश्या कुठून घेऊ?" आणि "आजच घेऊन टाक" या मेसेजनंतर चार तासांनी त्याचं एका शब्दाचं उत्तर होतं.

"घेतल्या."

शेअर कुणी "घेतल्या" म्हणत नाही. शेअर घेतले. घेतल्या त्या फरश्या. बाईच्या सख्ख्या काकांचं फरश्यांचं दुकान होतं आणि दुसऱ्या दिवसापासून फरश्यांची कंपनी भाव वाढवणार होती. त्या सहकाऱ्याने सटोडियाच्या सांगण्यावरून शेअरही घेतले होते, पण त्याचा निरोप त्याला दुसरीकडून आला होता. आपली कातडी वाचवण्याच्या नादात त्याने फरश्यांचं नावच काढलं नाही. एक अनुस्वार आणि एक शेपटीवरचा प्रत्यय, एवढ्यावर एका बाईची नोकरी गेली होती. आमच्यासारख्या, व्याकरणावर जगलेल्या घरातून हे व्हावं, याचा मला अजून राग येतो.

तुम्ही म्हणाल, मग आदेश फाडून टाकायचा. तिथेच तर गोम आहे. सही झाली की आदेश लिहिणाऱ्याचा राहत नाही. टायपिंगची चूक दुरुस्त करता येते, निकाल बदलता येत नाही. तो अपिलाचं कोर्टच बदलू शकतं, आणि अपील त्या बाईनेच करायला हवं. पंचेचाळीस दिवसांनंतर आलं तर उशीर माफ करणं न्यायाधीशांच्या मर्जीवर. आणि तिला "अपील कर" असं सांगायला वहिनींना मनाई. तिच्या पेढीच्या वकिलाने तर पेढीपुरती मंडळाशी तडजोड करून हात झटकले होते. तिला कुणीच काही सांगणारं नव्हतं.

वहिनी कायद्याची पुस्तकं घेऊन बसल्या आणि त्यांना वाट सापडली. ज्याच्यावर आदेश झाला त्याच्या बाजूचा एखादा कागद फायलीत आला, तर तो त्याला पाठवणं मंडळावर बंधनकारक होतं. मग असा कागद फायलीत घालायचा. त्यांनी स्वतःच्या हाताने एक टिपण लिहिलं. "या आदेशात माझ्या वाचण्यात चूक झाली आहे. सोबतचे दोन मेसेज मी पाहायला हवे होते. ते पाहिले असते, तर या व्यक्तीविरुद्ध मी आदेश दिला नसता." एवढंच. एकही झणझणीत शब्द नाही. मी ते नंतर वाचलं तेव्हा मला त्यात दुरुस्त करायला काही सापडलं नाही.

ते घेऊन त्या अध्यक्षांकडे गेल्या. अध्यक्ष वाईट माणूस नव्हे. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमची सदस्यपदाची फाईल येत्या पंधरवड्यात वर जाईल. ती मंजूर होऊन आली, की हे टिपण घाला. मी अडवणार नाही."

"तोवर तिचे पंचेचाळीस दिवस उलटतील, सर."

"उशीर माफ होतो बऱ्याचदा."

"बऱ्याचदा होतो, नेहमी नाही," वहिनी म्हणाल्या. विधी विभागाचे प्रमुख तिथेच होते. ते म्हणाले, हे म्हणजे आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं झालं. वहिनी म्हणाल्या, पाय माझा आहे. छत्तिसाव्या दिवशी टिपण आणि दोन मेसेज रजिस्टर पोस्टाने त्या बाईच्या घरी निघाले, आणि सदस्यपदाची फाईल आहे तिथेच थांबली. वहिनींना वाईट वाटलं का? वाटलं. खोटं कशाला सांगा. ती खुर्ची त्यांना हवी होती. पण त्या दिवसांत त्यांना त्याहून मोठा घोर होता.

पोस्टाची पोच अडतिसाव्या दिवशी आली, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला दिसत होत्या त्या वहिनी. ताटातलं चिवडत होत्या, फोन वाजला की दचकत होत्या. दादाने एकदा चेष्टेत "तोंड उघडा" म्हटलं तर त्या ताट तसंच टाकून उठल्या. चाळीस गेला. एकेचाळीस गेला. मी रोज सकाळी दूध तापवता तापवता कॅलेंडरकडे बघायचो. ती पोर कोण, कुठली, मला ठाऊक नव्हतं. पण तिच्या वाक्यावर मी लाल पेन्सिल चालवली होती, त्यामुळे मला ती घरातलीच वाटायला लागली होती.

त्रेचाळिसाव्या दिवशी मला राहवेना. मी म्हटलं, "वहिनी, मी कोण? एक रिकामटेकडा म्हातारा. फरश्यांची दुकानं या शहरात असून असून किती असतील? मी जातो, फरश्या बघायला आलोय म्हणून सांगतो, आणि बोलता बोलता..."

"भावजी, तुम्ही गेलात म्हणजे मी गेले," वहिनी म्हणाल्या. "मग अपील आलं तरी लोक म्हणतील, हिनेच पढवलं. त्या पोरीची सुटकासुद्धा खोटी ठरेल." मला त्यांचा इतका राग आला, की मी खोलीत जाऊन जुने अंक चाळत बसलो. राग यासाठी की त्यांचं बरोबर होतं.

चव्वेचाळिसावा दिवस शुक्रवार होता. शनिवारी अपिलाच्या कोर्टाची कचेरी बंद, म्हणजे खरं तर हाच शेवटचा. दुपारी चारच्या सुमाराला घरचा फोन वाजला. पलीकडे वहिनी. अकरा वर्षांत त्या कचेरीतून कधी कामाबद्दल एक शब्द बोलल्या नव्हत्या. आताही बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "भावजी, रात्रीच्या जेवणाला माझं पान वाढा. भूक लागलीय." आणि फोन ठेवला. मी कॅलेंडर काढून उलटं टांगलं आणि खुर्चीत बसून राहिलो. जीव भांड्यात पडतो म्हणजे काय होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

दीड महिन्याने सुनावणी होती. सुनावणी खुली असते, कुणीही जाऊन बसावं. वहिनींनी रजा टाकली आणि आम्ही दोघं मागच्या बाकावर बसलो. पुढे ती डीलर बाई, साधी, केस घट्ट बांधलेली, हातात प्लॅस्टिकची पिशवी. तिची वकील म्हणून एक नवखी मुलगी होती. आमच्याच बाकावर, वहिनींच्या पलीकडे, सत्तरीचे एक गृहस्थ येऊन बसले. त्यांच्या बुटांवर पांढरी धूळ होती.

मंडळाच्या वकिलाने उठून सांगितलं, की या अपिलाला मंडळाचा विरोध नाही. न्यायाधीशांनी तेवढ्यावर सोडलं नाही. सतरावं पान काढून ते वाक्य त्यांनी भर कोर्टात वाचलं, ज्या काकाला आपण ओळखतच नाही वगैरे. आणि म्हणाले, "वाक्य सुरेख आहे. पुरावा मात्र फरश्यांचा आहे." कोर्टात हशा पिकला. वहिनी मान खाली घालून बसल्या. मला वाटलं उठून सांगावं, की चूक शोधलीही त्यांनीच, पण कोर्टात असं बोलता येत नाही. मग न्यायाधीश कायद्याच्या भाषेत भराभर काहीतरी बोलले, कलमं, पोटकलमं, आणि पुढच्या प्रकरणाचा पुकारा झाला.

शेजारच्या गृहस्थांना काहीच कळलं नव्हतं. ते वहिनींकडे वाकून हळूच म्हणाले, "ताई, काय झालं हो? सुटली का आमची?"

"सुटली, काका," वहिनी म्हणाल्या. "आदेश रद्द झाला. आजपासून कुठेही कामाला जाऊ शकते."

त्या गृहस्थांनी डोळे मिटून घेतले. मग बाहेर येऊन मोकळेपणाने बोलायला लागले. आम्ही व्हरांड्यात उभे होतो. पुतणी आत वकिलीणबाईंशी बोलत होती. ते म्हणाले, कचेरीचं पाकीट आलं ते बघूनच पोरगी घाबरली. आता आणखी काय शिक्षा, म्हणून तिने ते न फोडता कपाटावर टाकलं. पाच दिवस पडलं होतं. "मी सहज गेलो, म्हटलं बघू तरी. फोडलं तर आत असली चिठ्ठी. मी दोनदा वाचली, मला खरंच वाटेना. सरकारी कागदावर कुणी 'माझी चूक झाली' असं लिहितं का हो? तसाच तिला धरून वकिलाकडे नेली." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही वकील का?"

"होते," वहिनी म्हणाल्या. मला वाटलं आता इथेच निरोप घेतील. पण त्यांनी घसा खाकरला आणि त्या घरगुती आवाजात सांगितलं, "काका, तिला काढून टाकणारा तो आदेश मीच लिहिला होता."

म्हातारबाबांच्या चेहऱ्यावर राग आला, तो मला स्पष्ट दिसला. यायलाच हवा होता. तीन महिने पोरगी घरात बसून होती. मग ते म्हणाले, "म्हणजे ती चिठ्ठी पण तुमचीच."

"हो."

"मग तिला सांगू नका तुम्ही कोण ते. आज नको. आज तिला नुसतं हसू दे." आणि जाता जाता मागे वळून म्हणाले, "मी सांगेन नंतर. चिठ्ठीचंही सांगेन."

आम्ही जिना उतरून रस्त्यावर आलो. मी टॅक्सी थांबवली. वहिनींनी दार लावून घेतलं, एकदा खोल श्वास घेतला, आणि दुसऱ्या चौकापर्यंत पोचायच्या आत त्या झोपल्या. मान एका बाजूला, तोंड उघडं, पर्स मांडीवरून घसरून पायाशी. घोरतही होत्या, आणि चांगल्या खणखणीत. त्याबद्दल अपील कुठे करायचं, हे विचारायची ही नामी संधी होती, पण मी ती सोडली. मी पुढे वाकून चालकाला हळू आवाजात सांगितलं, की आम्हाला काही घाई नाही, जरा लांबच्या रस्त्याने घ्या.